कानटोपी आणि मफलरसाठी लोकरीचा गोंडा : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कानटोपी विणायला चार संध्याकाळी लागतात आणि तिच्या शेंड्यावरचा गोंडा अर्ध्या-पाऊण तासात होतो. तरीही टोपी वापरात आली की सर्वांत आधी बिघडतो तो गोंडाच. साताऱ्यात दिवाळी उलटली की यवतेश्वराच्या बाजूने गार वारा सुटतो, पेटीतले स्वेटर बाहेर निघतात आणि आमच्या ओसरीवर विणकाम शिकायला येणाऱ्यांची संख्या वाढते. सुलट-उलट टाके त्यांच्या हाताला लवकर बसतात, पण पहिला गोंडा बहुधा विरळ होतो किंवा एका अंगाला झुकतो, आणि दिसायला चांगला झाला तरी पंधरा दिवसांत त्याचे धागे एकेक करून गळू लागतात. विणकामाच्या वर्गात गोंड्याला शेवटची दहा मिनिटे दिली जातात, हे त्याचे खरे कारण आहे असे मला वाटते. म्हणून येथे केवळ गोंड्याविषयी, अगदी पुठ्ठा कापण्यापासून, सविस्तर लिहीत आहे.

हल्ली दुकानांत या वस्तूला पॉमपॉम म्हणतात. तो शब्द फ्रेंच भाषेतून आलेला आहे आणि फ्रेंच नौदलातील खलाशांच्या गोल टोपीवरचा लाल गोंडा आजही प्रसिद्ध आहे. पण आपल्याकडे गोंडा काही नवा नाही. बेंदराला बैलाच्या शिंगांना गोंडे बांधतात, आणि कोकणात तर झेंडूच्या फुलालाच गोंडा म्हणतात. चांगला गोंडा कसा असावा हे एखाद्या नवशिकीला सांगायचे असेल, तर मी तिच्या हातात झेंडूचे एक टपोरे फूल देते. कोठूनही दाबले तरी ते बोटाला देठ लागू देत नाही, आणि बोट उचलताच पाकळ्या पुन्हा वर येतात. लोकरीच्या गोंड्यातही बोट दाबल्यावर मधली गाठ हाताला लागता कामा नये.

गाठीचे महत्त्व मला स्वतःला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी पाचगणीतील एका दुकानदारांनी माझ्याकडून लहान मुलांच्या बारा टोप्या घेतल्या होत्या. महिन्याभरात त्यांतील पाच परत आल्या. टोप्यांची वीण जशीच्या तशी होती, पण गोंडे निम्मे झाले होते, आणि त्यांतील एकाला मी चिमटीत धरून जरा ओढले तेव्हा दहा-बारा धागे सहज हातात आले. गोंडा ज्या लोकरीचा केला होता त्याच लोकरीच्या धाग्याने मी तो मधोमध बांधला होता, आणि ती लोकर ताण पडल्यावर लांबली होती. ते पैसे मी परत केले, पण मुलांच्या डोक्यावरून गोंडा गळून पडला याचे वाईट वाटत राहिले.

त्याच वर्षी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जाणे झाले. तेथे बैलांचा मोठा बाजार भरतो आणि त्याच्या कडेने म्होरक्या, कंडे, घुंगरमाळा आणि गोंडे विकणाऱ्यांच्या पालांची रांग लागते. एका पालात एक वयस्कर कारागीर गोंडे बांधत बसले होते. त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवले, दुसरे टोक मुठीला गुंडाळले, मधल्या ताणलेल्या दोऱ्याचे दोन फेरे लोकरीच्या जुडीभोवती दिले आणि पाठ मागे टाकून सगळ्या अंगाने ओढले. मनगटाएवढी जुडी कमरेत अंगठ्याएवढी झाली. मी निरखून पाहत आहे हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, "ताई, बैल दिसभर मान हलवतोय. हितं ढिलं ऱ्हायलं, की सांजपातुर शिंगाव नुसता दोरा ऱ्हातोय." त्या दिवसानंतर मी गोंडा बांधायला लोकर कधीही वापरलेली नाही.

सामान

लोकर, जाड पुठ्ठा, कर्कटक, धारदार कात्री, मजबूत दोरा आणि लोकर ओवायची मोठ्या नाकाची बोथट सुई एवढ्यावर काम होते. पुठ्ठा खोक्याचा, पन्हळी असलेला असेल तर तो दोन-तीन गोंड्यांनंतर कडेला मऊ पडतो. वहीच्या पाठीचा किंवा शर्टाच्या घडीत येणारा घट्ट पुठ्ठा अधिक टिकतो. वारंवार गोंडे करायचे असतील तर जुन्या प्लास्टिकच्या फाइलीच्या चकत्या कापाव्यात. बाजारात प्लास्टिकचे तयार साचेही मिळतात आणि ते सोयीचे असतात, परंतु पहिले चार-पाच गोंडे पुठ्ठ्यावरच करावेत, कारण लोकर किती भरली आणि फट किती उरली हे पुठ्ठ्यावर डोळ्यांना स्पष्ट दिसते.

लोकरीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. आपल्या बाजारात लोकर या नावाने जी मिळते ती बहुतेक वेळा अॅक्रिलिकची असते. त्यात काही वाईट नाही. ती हलकी असते, रंग टिकवते आणि मानेला टोचत नाही. मेंढीच्या लोकरीचा गोंडा अधिक भरीव दिसतो, कारण कापलेल्या टोकाशी तिचे तंतू फुलून एकमेकांत मिसळतात. गुळगुळीत, चकचकीत धाग्याचा गोंडा मात्र नवशिक्यांनी टाळावा. त्याचे धागे एकमेकांना धरत नाहीत आणि गाठीतून निसटतात. मध्यम जाडीची, नीट पीळ असलेली तीन किंवा चार पदरी लोकर शिकण्यासाठी सर्वांत योग्य ठरते.

आपल्याच जिल्ह्यात, माण-खटावच्या बाजूला, दख्खनी मेंढीची लोकर हाताने कातली जाते आणि तिची घोंगडी विणली जाते. त्या काळ्या-करड्या सुताचा गोंडा करून पाहण्याचा मोह मलाही झाला होता. दिसायला तो अतिशय देखणा झाला, धनगराच्या खांद्यावरच्या घोंगडीचा रंगच टोपीवर आला, परंतु ते सूत राठ असते आणि एकेरी पिळाचे असल्यामुळे कापल्यावर टोके सुटी होतात. तो गोंडा करावासा वाटल्यास टोपीच्या शेंड्यावर बसवावा, मफलरला लावू नये, कारण गळ्याशी तो टोचतो. आणि गाठ नेहमीपेक्षा दुपटीने आवळावी.

बांधण्याच्या दोऱ्यासाठी चांभाराकडचा मेणदोरा सर्वोत्तम. तो न मिळाल्यास गोधडी शिवायचा जाड सुती दोरा दुहेरी करून त्यावरून मेणबत्ती दोन वेळा फिरवावी. साध्या शिलाईच्या रिळाचा दोरा तुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो तुटण्याआधी बोट कापतो. दोरा सुमारे पाऊण मीटर लांब घ्यावा, म्हणजे गाठ मारल्यानंतर दोन्ही बाजूंना वीतभर टोके उरतात. पुढे त्याच टोकांनी गोंडा टोपीला शिवायचा आहे.

चकत्यांचे माप

येथे एक साधा हिशेब आहे आणि तो समजला की मापाची चूक पुन्हा होत नाही. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापायच्या आणि दोन्हींच्या मध्यभागी सारखे छिद्र पाडायचे. बाहेरच्या वर्तुळाच्या व्यासातून छिद्राचा व्यास वजा केला की गोंड्याचा व्यास मिळतो. चकती ८.५ सेंटिमीटरची आणि छिद्र २.५ सेंटिमीटरचे असेल तर गोंडा ६ सेंटिमीटरचा होतो. कारण असे की लोकरीचा प्रत्येक वेढा छिद्राच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत जातो आणि परत येतो. बाहेरच्या काठावर तो कापला जातो आणि छिद्राच्या काठाशी बांधला जातो, म्हणून गाठीपासून टोकापर्यंतचे अंतर कडीच्या रुंदीएवढेच असते. पुष्कळ जणी चकतीचा बाहेरचा व्यास हाच गोंड्याचा व्यास धरतात आणि मग गोंडा लहान झाला म्हणून खट्टू होतात. कातरताना थोडी लोकर जाते, परंतु वेढ्यांच्या जाडीमुळे बाहेरचे धागे थोडे लांबही मिळतात, त्यामुळे हे माप जवळजवळ जुळते.

छिद्र बाहेरच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असावे. ते फार लहान ठेवले तर पुरेसे वेढे बसत नाहीत आणि गोंडा विरळ होतो. फार मोठे ठेवले तर ते भरेपर्यंत लोकर पुष्कळ लागते आणि जुडी इतकी जाड होते की दोरा आवळताना हाताची दमछाक होते. मोठ्या माणसाच्या टोपीला ६ ते ७ सेंटिमीटरचा, लहान मुलाच्या टोपीला ४ ते ५ सेंटिमीटरचा आणि मफलरच्या टोकांना ३ ते ४ सेंटिमीटरचा गोंडा शोभतो असे माझे मत आहे. व्यास थोडासा वाढवला तरी लोकर फार वाढते, हेही ध्यानात ठेवावे. ६ सेंटिमीटरऐवजी ८ सेंटिमीटरचा गोंडा केला तर लोकर सव्वादोन पटींहून अधिक लागते आणि वजनही त्याच प्रमाणात वाढते, मग सैल विणीच्या टोपीचा शेंडा एका बाजूला लोंबू लागतो.

चकत्या कापून झाल्या की दोन्ही एकावर एक ठेवाव्यात आणि बाहेरच्या काठापासून छिद्रापर्यंत बोटाच्या निम्म्या रुंदीची एक फट दोन्हींमधून एकदम कापावी. या फटीतून लोकर आत-बाहेर नेता येते, त्यामुळे प्रत्येक वेळी गुंडा छिद्रातून ओवत बसावे लागत नाही.

वेढे

दोन्ही चकत्या फटी जुळवून हातात धराव्यात. लोकरीचे सुरुवातीचे टोक बाहेरच्या काठाशी अंगठ्याखाली दाबावे आणि फटीच्या एका बाजूपासून वेढे द्यायला सुरुवात करावी. पहिला थर शेजारी-शेजारी, एकावर एक न चढवता, फटीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत न्यावा. मग तसाच परत आणावा. असे थर चढत गेले की छिद्र हळूहळू लहान होत जाते. मधल्या भागात हात आपोआप जास्त फिरतो आणि फटीजवळची दोन्ही टोके उपाशी राहतात. गोंडा एका अंगाला झुकण्याचे हेच कारण आहे. म्हणून प्रत्येक थराला त्या टोकांशी चार-पाच वेढे अधिक द्यावेत.

वेढे देताना लोकर ताणू नये. विशेषतः अॅक्रिलिकच्या लोकरीला लवचिकपणा असतो. ताणून गुंडाळली तर कापताच ती आखडते आणि गोंडा ठरवल्यापेक्षा लहान होतो. गुंडा मांडीवर न ठेवता खोलगट पातेल्यात किंवा डब्यात ठेवावा, म्हणजे धागा मोकळा येत राहतो. ८.५ सेंटिमीटरच्या चकतीवर मध्यम जाडीच्या लोकरीचे मी सुमारे २८० वेढे देते. त्याला १८ ते २० मीटर लोकर लागते, म्हणजे वजनाने दहा ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅमच्या लडीत असे नऊ-दहा गोंडे होतात. जाड लोकर असेल तर वेढे कमी लागतील, बारीक असेल तर अधिक, त्यामुळे आकड्यापेक्षा छिद्राकडे पाहावे. छिद्रात करंगळीचे टोक जेमतेम जाईल इतकी जागा उरली की थांबावे. दीडशे वेढ्यांनाच चकती भरल्यासारखी दिसू लागते आणि हात दुखू लागलेला असतो. नवशिक्या तेथेच थांबतात, आणि गोंडा विरळ होतो तो तेथेच.

कापणे आणि बांधणे

हे दोन्ही एकामागून एक, मध्ये न उठता करायचे काम आहे. दाराची घंटा वाजली तरी चालेल, पण कापून झाल्यानंतर बांधण्याआधी चकती खाली ठेवू नये.

कात्रीचे एक पाते फटीजवळून दोन चकत्यांच्या मध्ये सरकवावे आणि बाहेरच्या काठाने, थोडे-थोडे वेढे घेत, गोल कापत जावे. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी चकत्यांचा मधला भाग दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून ठेवावा, म्हणजे कापलेले धागे जागेवर राहतात. कात्री बोथट असेल तर ती धागे चावते, ओढते आणि ते छिद्रातून सरकतात. कागद कापायच्या कात्रीने हे काम करू नये.

वेढे पूर्ण कापले गेले की चकत्या हलक्या हाताने दोन-तीन मिलिमीटर विलग कराव्यात आणि त्या फटीतून मेणदोरा जुडीभोवती फिरवावा. आता पहिली गाठ मारताना दोरा एकदा नव्हे, दोनदा वळवून घ्यावा. साधी एकेरी गाठ आवळून झाल्यावर दुसरी गाठ मारण्यासाठी हात सैल केला की पहिली लगेच ढिली पडते; दोनदा वळवलेल्या दोऱ्याचे फेरे एकमेकांवर घासून बसतात, त्यामुळे हात सोडला तरी ताण टिकून राहतो. दोन्ही टोके जमिनीला समांतर, विरुद्ध दिशांना ओढावीत, वर उचलून ओढू नयेत. ओढल्यावर क्षणभर थांबावे, लोकर दबू द्यावी आणि पुन्हा ओढावे. दुसऱ्या ओढीला दोरा आणखी चार-पाच मिलिमीटर आत गेल्याचा अनुभव हमखास येतो. त्यानंतर दुसरी गाठ मारावी, दोरा जुडीच्या विरुद्ध बाजूला नेऊन तेथे पुन्हा दोनदा वळवलेली गाठ मारावी आणि शेवटी एक साधी गाठ द्यावी. पुसेगावच्या त्या कारागिरांसारखे पायाच्या अंगठ्यात टोक अडकवण्याची सवय आपल्याला नसते. त्याऐवजी एक टोक खुर्चीच्या पायाला बांधून दुसरे ओढले तरी तेच बळ मिळते.

मग चकत्या काढून घ्याव्यात. फट असल्यामुळे त्या न फाडता निघतात आणि पुढच्या गोंड्याला उपयोगी पडतात. याच वेळी एक परीक्षा घ्यावी : गोंड्याचे चार-पाच धागे चिमटीत धरून बेताने ओढावेत. ते आले नाहीत तर गाठ चांगली बसली. एकही धागा सहज आला तर मन घट्ट करून गाठीवर मेणदोऱ्याचा आणखी एक फेरा बांधावा, कारण टोपीवर बसल्यानंतर ही दुरुस्ती करता येत नाही.

कातरकाम

चकतीतून निघालेला गोंडा ओबडधोबड, मध्ये खोबण पडलेला दिसतो. तो पाहून निराश होऊ नये. तो तळहातांमध्ये घेऊन लाडू वळावा तसा फिरवावा, दोन-तीनदा जोराने झटकावा आणि जुन्या कंगव्याने किंवा दात घासायच्या स्वच्छ ब्रशने बाहेरच्या दिशेने विंचरावा. धागे आपापल्या जागी उभे राहिले की मगच कात्री घ्यावी. दोऱ्याची लांब टोके एका बाजूला घेऊन बोटाला गुंडाळून ठेवावीत. घाईत ती कापली जातात आणि मग गोंडा शिवायला काहीच उरत नाही.

कातरताना कात्री एका जागी ठेवून गोंडा फिरवावा. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा अधिक कापू नये, आणि दर फेरीनंतर पुन्हा झटकून पाहावे, कारण झटकल्यावर आत दडलेले लांब धागे बाहेर येतात. आधी मधला पट्टा, म्हणजे गाठीच्या रेषेवरचा भाग, आणि मग दोन्ही टोके कातरली तर गोलाई लवकर साधते. ज्यांना डोळ्यांच्या अंदाजाची खात्री वाटत नाही त्यांनी ६ सेंटिमीटरच्या दोन साध्या चकत्या गोंड्याच्या दोन्ही अंगांना धरून, मधून लांब सुई आरपार घालून, काठाबाहेर आलेली लोकर कापावी. एका गोंड्याच्या कातरकामाला मला अजूनही दहा मिनिटे लागतात आणि ती मी कधी वाचवत नाही; टपोरेपणा वेढ्यांनी येतो, पण गोंडा मखमलीसारखा दिसतो तो कातरण्यामुळे.

मेंढीच्या लोकरीचा गोंडा शेवटी किटलीच्या वाफेवर थोडा वेळ धरला तर छान फुलतो. अॅक्रिलिकचा गोंडा वाफेपासून वीतभर दूर आणि दोन-तीन सेकंदच धरावा. जास्त वाफ लागली की अॅक्रिलिकचा धागा कायमचा लुळा पडतो आणि मग कितीही झटकले तरी उभा राहत नाही. इस्त्री तर त्याला लागूच देऊ नये.

कातरताना पडलेला लोकरीचा भुगा फेकू नये. लहान उशीत किंवा कापडी बाहुलीत भरायला तो उत्तम असतो. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून लांब धागे गच्चीवर ठेवण्याची पद्धत काही जणींत आहे, ती मात्र सोडून द्यावी, कारण ते धागे पिलांच्या पायांत गुंततात.

रंग

दोन रंगांचे धागे एकत्र धरून वेढे दिले तर ठिपकेदार गोंडा मिळतो, आणि नवशिक्यांसाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण कातरण्यातील लहानसहान दोष त्यात झाकले जातात. चकतीच्या अर्ध्या भागावर एक रंग आणि अर्ध्या भागावर दुसरा भरला तर गोंडा उभा दुभागलेला होतो. असेच चार-सहा भाग केले तर संत्र्याच्या फोडींसारख्या पट्ट्या येतात. थरांचा प्रकार थोडा वेगळा आहे. चकतीवर पहिल्यांदा गुंडाळलेला रंग गोंड्याच्या मधल्या पट्ट्यात येतो आणि सर्वांत शेवटी गुंडाळलेला रंग दोन्ही टोकांना येतो. टोपीवर बसवल्यावर टोक वरच्या बाजूला दिसते, म्हणून जो रंग वर दिसावा असे वाटते तो शेवटी भरावा. केशरी लोकरीचे थर देऊन शेवटचे चाळीस-पन्नास वेढे गडद तांबड्या लोकरीचे दिले, तर गोंड्याच्या माथ्यावर अगदी झेंडूसारखी छटा येते, आणि पांढऱ्या टोपीवर ती फार खुलते.

गडद तांबडी, निळी आणि काळी लोकर पांढऱ्या टोपीसाठी वापरण्याआधी तिचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. रंग उतरला तर ती लोकर त्या टोपीला वापरू नये.

पुष्कळ लहान गोंडे करायचे असतील तर

मफलरच्या दोन्ही टोकांना आठ-दहा लहान गोंडे लावायचे असतील तेव्हा प्रत्येकासाठी चकती भरत बसणे कंटाळवाणे होते. अशा वेळी स्टूल उलटे ठेवून त्याच्या दोन पायांभोवती लोकरीचे १२० वेढे द्यावेत. मग एका बाजूच्या जुडीवर दर ४ सेंटिमीटरवर मेणदोऱ्याने वर सांगितली तशीच आवळून गाठ मारावी आणि सर्व गाठी मारून झाल्यावर दोन गाठींच्या बरोबर मध्ये कापत जावे. ४ सेंटिमीटरचे एकसारखे गोंडे तयार मिळतात, फक्त त्यांना कातरकाम थोडे अधिक लागते. दुसऱ्या बाजूच्या जुडीवरही असेच करता येते. मात्र एका बाजूच्या सर्व गाठी आणि दुसऱ्या बाजूच्या सर्व गाठी पूर्ण झाल्याशिवाय कात्री लावू नये.

त्याहून लहान, अडीच सेंटिमीटरचा गोंडा जेवणाच्या काट्यावर होतो. काट्याच्या दातांभोवती ३० ते ४० वेढे द्यावेत, मधल्या फटीतून दोरा घालून बांधावे, काट्यावरून सरकवून काढावे आणि दोन्ही बाजूंचे फासे कापावेत. बोटांभोवती गुंडाळून केलेला गोंडा मी शिकवत नाही; बोटांचे माप प्रत्येक वेळी बदलते आणि जोडीचा दुसरा गोंडा पहिल्यासारखा होत नाही.

टोपीला आणि मफलरला बसवताना

टोपीचा शेंडा आवळून बंद केलेला असतो तेथे लहानसे भोक राहिले असेल तर ते आधी दोन टाके घालून बुजवावे. मग दोऱ्याची दोन्ही टोके एकेक करून सुईत ओवून शेंड्याच्या दोन बाजूंनी, एकमेकांपासून निदान एक सेंटिमीटर अंतरावरून, आतल्या बाजूला काढावीत. आत एक सपाट, दोन भोकांचे बटण घ्यावे, त्याच्या प्रत्येक भोकातून एकेक टोक ओवावे आणि बटणावर गाठ मारावी. बटणामुळे ताण एका टाक्यावर न पडता पसरतो, शिवाय धुण्याच्या वेळी गाठ सोडून गोंडा अलग करता येतो, म्हणून ही गाठ सुरगाठ ठेवावी आणि टोके वीणीत खोचून टाकावीत. टोपीचे अस्तर असेल तर बटण अस्तर आणि वीण यांच्या मध्ये राहील असे पाहावे, म्हणजे डोक्याला बोचत नाही.

मफलरला गोंडा दोन प्रकारे लागतो. पहिल्या प्रकारात मफलरच्या टोकाच्या सर्व टाक्यांतून धागा ओवून ते टोक बटव्याच्या तोंडासारखे चुणून घ्यावे आणि त्या चुणीवर एकच मोठा गोंडा शिवावा. जाड विणीच्या मफलरला हे छान दिसते. दुसऱ्या प्रकारात टोकाच्या काठावर समान अंतरावर लहान गोंडे लावतात. ते थेट काठाला न शिवता क्रोशाच्या सुईने दोन-तीन सेंटिमीटरची साखळी घालून तिला टांगले, तर मफलर गळ्याभोवती घेताना गोंडे मोकळे हलतात आणि काठ ओढला जात नाही. बारीक लोकरीच्या जाळीदार मफलरला मात्र अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा गोंडा लावू नये. त्याच्या वजनाने जाळी खाली खेचली जाते आणि मफलर दर थंडीत थोडा-थोडा लांब होत जातो.

तीन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांबाबत मी फार काटेकोर आहे. लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालते, आणि सुटा झालेला लहान गोंडा किंवा त्याच्या आतले बटण घशात अडकू शकते. म्हणून त्यांच्या टोपीचा गोंडा बटणाशिवाय, आतून बाहेरून चारी बाजूंनी, निदान आठ-दहा टाके घालून पक्का शिवावा आणि शिवून झाल्यावर टोपी एका हातात व गोंडा दुसऱ्या हातात धरून पूर्ण जोराने ओढून पाहावे. गळ्याशी बांधायच्या लांब नाड्यांना गोंडे लावलेल्या टोप्या मी तान्ह्या मुलांसाठी करूनच देत नाही, मग मागणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी.

धुणे आणि ठेवणे

गोंडा टोपीपासून अलग करून कोमट पाण्यात, सौम्य साबणाच्या फेसात बुडवून हलके दाबावा. चोळू नये आणि पिळू तर मुळीच नये. मेंढीच्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणे एकत्र लाभले की तिचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि गोंड्याचा नमदा होतो. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, झटकावे आणि सावलीत वाळवावे. वाळताना दोनदा विंचरल्यास तो पूर्ववत फुलतो.

थंडी संपल्यावर टोप्या आणि मफलर पेटीत ठेवताना गोंडे कपड्यांच्या वजनाखाली दबू देऊ नयेत, ते काढून सुती पिशवीत वेगळे ठेवावेत. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, पण मेंढीच्या लोकरीला लागते आणि गोंड्याच्या दाट पोटात ती बाहेरून दिसतही नाही, म्हणून अशा गोंड्यांच्या पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या कोरड्या उन्हात त्या पिशव्या उघडून, प्रत्येक गोंडा झटकून, तासभर उन्हाला ठेवावा.